खाऱ्या पाण्याचं पिंप

"'पाणी असं बदला, की माशांना कळता कामा नये,' तुझी आई जाताना म्हणाली होती. मी कबूल केलंय तिला."

दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेले आजोबा मुलाला सांगत होते. थोड्या वेळाने त्यांचं ऑपरेशन होतं.

"बाबा, आता पंप बसवलेत ना! एक माशांच्या टाकीतलं जुनं पाणी काढतो, दुसरा पिंपातलं नवं सोडतो. दुपारी आपोआप सुरू होतील."

"पिंपात मीठ कालवलंस?"

"मीठ? नळाचं पाणी काठोकाठ भरलंय."

"अरे, समुद्रातले मासे ते! पंपाचं सगळं आठवलं, मीठच विसरलास? तिची प्रवाळं मरतील रे."

सोबत बसलेली सून उठली.

"बाबा, घराची किल्ली द्या. मीठ कुठंय?"

"टाकीखालच्या कपाटात. आधी पंप बंद कर हं, पोरी."

"माशांना कळायच्या आत पोचते."

आणि ती पाय न वाजवता भरभर जिना उतरली.