तू ये सावकाश

न्हाई हो साहेब, किती फुटांवर व्हता ते मी काय टेप लावून मोजलंय का? — तुमी वनखात्याचं लोक, तुमाला आकडा लागतो, लिवा मग वीस. काय? मगाशी चाळीस म्हणले? — मग चाळीस लिवा. बिबट्या समोर असल्यावर माणूस फुटं मोजत बसतं व्हय? बसा, त्या खुर्चीवर नका, तिचा पाय मोडलाय, ह्या बाजंवर बसा. ठसा घावला न्हाई म्हणता — कसा घावंल? तीन दिस झालं ह्या अवकाळीनं निस्ती रिपरिप लावलीय, कार्तिकात असला पाऊस कुणी बघितला व्हता का? पाटाच्या कडेचा रस्ता म्हंजी राडा झालाय सगळा, माझ्याच पायाचा ठसा तिथं ऱ्हायला न्हाई, बिबट्याचा कुठनं ऱ्हाणार!

पळायला कशाला गेले? — बघा, तुमी पण तेच इचारलं. कालपासनं आख्खं बोरी बुद्रुक तेच इचारतंय. बेचाळीस वर्साची बाई, असल्या पावसात, सकाळी सकाळी पळायला कशाला गेली? धार काढायला गेले असते, तर इचारलं नसतं कुणी. अहो, मी पळायचे! म्हाळुंग्याला माह्यारी व्हते तवा — महाळुंगे पडवळ हो, आंबेगाव तालुक्यातलं — आठशे मीटरला जिल्ह्यात दुसरी आले व्हते, अनवाणी. मग लगीन झालं, आन एकवीस वर्सं पळाले ती चुलीपासनं गोठ्यापतोर. आमची वृषाली, ती माझ्यावर गेलीय. बारावीला हाय. ह्या गुरवारी जुन्नरला निवड हाय तिची, जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी. रोज एकटी पळायची, तर आमचं मालक म्हणलं, उसाच्या कडंनं एकटी नको. मग मीच म्हणलं, मी जाते बरोबर. सासूबाई म्हणल्या, सायकलवर जा. म्हणलं, सायकल कशाला, मी पळंन की! — मोठ्या तोऱ्यात म्हणलं साहेब, तिथंच चुकलं.

त्यात कालची हवा कसली! वारं असं की ऊस आडवा, थेंब तोंडावर खड्यागत लागत्यात, पुढचं दिसंना. मालकांचं जर्किन घातलं, पायात वृषालीचं जुनं बूट. पहिल्या शंभर पावलांत वाटलं, आरं, जमतंय की! — छाती अशी फुलली. पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी पोचले आन संपलं. बरगडीत कळ, गुडघ्यात कळ, बूट चिखलानं मणामणाचं झालेलं. माझाच पाय, आन माझंच ऐकंना! इतका राग आला, इतका राग आला — कुणाचा ते इचारू नका. पावसाचा, बुटाचा, सगळ्यांचा. आन ती पुढं, टिटवीवाणी, चिखलाला पाय लावून न लावून. म्हणलं, वृषे, थांब! — ती वळली, हसली, आन म्हणली, "आई, तू ये सावकाश." आन गेली.

सावकाश! — तिनं वाईटानं न्हाई म्हणलं. पण साहेब, हे मी माझ्या आजीला म्हणायचे, देवळाच्या पायऱ्या चढताना. आजे, तू ये सावकाश. मला असं झालं ना — हे लिवू नका. लिवताय का? तो पेन ठेवा खाली आधी.

मग काय, मग बिबट्या. कुठल्या बाजूनं आला? — उजव्या. न्हाई, डाव्या, मोटारीच्या खोलीकडनं. — खोली उजवीकडं हाय? तुमी एकदा बघून आला, आन मला माझाच रस्ता शिकवता! लई इचारता राव तुमी. त्या शेजारच्या धर्माजीबाबांना इचारा जाऊन, त्यास्नी तर दोन पिल्लं बी दिसली, घरात बसून! मी वरडले एक, आन दुपारपतोर सगळ्या गावाला बिबट्या दिसायला लागला. लोकांनी पोरं शाळंतनं माघारी आणली, मालक तुमच्या हापिसात पिंजरा मागायला गेलं, आन वृषालीचं पळणं बंद. बिबट्या घावल्याबिगर पोरगी उंबऱ्याभायेर पाऊल टाकणार न्हाई, म्हणलं. गुरवारी निवड हाय हो तिची! गुरवारपतोर कसा घावंल तो? कुठनं घावंल? नसलेला बिबट्या काय —

काय बघताय असं?

हां. ऐकलं ते ऐकलं. नव्हता. कायबी नव्हतं, उसात वारं व्हतं. मला निस्तं तिला थांबवायचं व्हतं. तिनं मागं यावं, आन म्हणावं, आई, दमलीस का गं — एवढंच. म्हणून वरडले, बिबट्या! वृषे, बिबट्या! वाटलं, भिऊन जागच्या जागी उभी ऱ्हाईल. तुमी सांगा, बिबट्या म्हणल्यावर माणूस कुणीकडं पळतं? वस्तीकडं, न्हाई का? वस्ती तिच्या पुढं हाकेवर व्हती, रस्ता मोकळा. पर ती वळली, साहेब. खालचा दगड उचलला आन माझ्याकडं पळत सुटली — बिबट्याच्या अंगावर! शिव्या देत, माझ्या आईला सोड म्हणत. असली पळाली न्हाई ती कधी. मी बी न्हाई, जिल्ह्याला सुद्दा. आन येऊन माझ्याम्होरं उभी ऱ्हायली, उसाकडं तोंड करून, मला पाठीशी घालून. म्हणली, आई, हळूहळू मागं सर, मी हाय. — तवाच सांगायला पायजे व्हतं. तोंड उघडलं बी. पण त्या दगडाकडं बघितलं आन ती म्हणली तशी मागं सरत गेले.

कालपासनं पाय चेपतीय माझं. हळद घालून दूध देतीय. बूट सासूबाईंनी माळ्यावर टाकलं तिचं, तरी एका शबदानं बोलली न्हाई. म्हणती, पुढल्या वर्सी बघू, तू वाचलीस ना. आन माझ्याच्यानं तिच्या तोंडाकडं बघवत न्हाई.

काय म्हणता? कुत्रं व्हतं म्हणून लिवता? — म्हंजी पिंजरा बी नको, आन माझी अब्रू बी ऱ्हाईल. चांगलं हाय मन तुमचं. लिवा मग, लिवा कुत्रं — न्हाई, थांबा. न्हाई साहेब. कुत्रं लिवलं तर गाव तिला हसंल. कुत्र्याला भिऊन दगड घेऊन धावली म्हणत्याल. आन ती कुत्र्यावर न्हाई धावली, ती बिबट्यावरच धावली व्हती! माझ्या अब्रूपायी तिचं धाडस एवढंसं करू का मी? तुमी काय लिवायचं ते लिवा. खोटं बोलली म्हणून लिवा, माझं नाव घाला, अश्विनी, पुरं नाव घाला. पर आधी तिला मला सांगू द्या.

आलीच बघा गोठ्यातनं. वृषे, ती पाटी ठेव खाली. हात धू नंतर, आधी इकडं ये. — न्हाई, साहेबांना चहा नको, निघालेत ते. — उठा ना साहेब. जावा तुमी. दार वढून घ्या जाताना.