टाकीतला आवाज

माझं नाव दिगंबर, पण गावात समदे दिगू डायवरच म्हणतेत. आमचं गाव पालमकडं, डांबरी सडकेपासून आत. बाप बैलगाडीनं कारखान्याला ऊस न्यायचा आन् मी त्या उसावर बसून भ्यायचो, गाडी उलटती का काय म्हणून. आय म्हणायची, हे पोरगं सावलीला दचकतंय, ह्याचं कसं होणार. आन् बगा, त्याच माणसाच्या हातात देवानं स्टेरिंग दिलं. हसू नका, खरं सांगायलाव.

तर जुनी व्हॅन हाय माझ्याकडं. लगीन, मयत, दवाखाना, जे असंल ते. आमच्याकडं रीत अशी की गाडी ठरली की तेल गिऱ्हाइकानं टाकायचं. माणूस बसला की आधी पेट्रोल भरायला, आन् जाऊन यायला लागंल तेवढंच भरायचं, एक थेंब जास्त कोणी टाकत न्हाई. मी तरी माझ्या खिशातून कशाला टाकू? म्हणून माझ्या गाडीचा काटा कवाच खालच्या रेघेच्या वर गेला न्हाई. समदे डायवर असंच चालवतेत, मी एकटाच न्हाई.

शिमग्याच्या आसपास टाकीतून येगळाच आवाज यायला लागला. चावी फिरवली की बारीक आवाज पहिल्यापासून यायचा, आता तो रडका झाला. गंगाखेडला सलीमभाई मिस्तरी हाय, त्यानं मागच्या सीटला कान लावला आन् म्हणला, दिगूभाऊ, ह्या टाकीच्या आत पंप ऱ्हातो, तो पेट्रोल इंजिनाकडं ढकलतो. पेट्रोलात बुडून असला की गार ऱ्हातो. तुमी त्याला कोरडाच ठिवला, जळायलाय बिचारा, बदलावा लागंल. कितीला जाईल म्हणलं. तर म्हणला, चांगला घातला तर मजुरीसकट आठ हजार. हलका निम्म्यात येतो पण मी घालणार न्हाई, उद्या रस्त्यात उभे ऱ्हाल आन् शिव्या मला द्याल. मी म्हणलं बघू.

आता काय सांगू तुमाला, पैसे नव्हते असं न्हाई. पण ते सीमाचे होते. सीमा माझी पोरगी, पहिलटकरीण, बाळंतपणाला आणलीय. हिनं, म्हंजे तिच्या आयनं, दोन शेळ्या इकून दवाखान्याचे पैसे डब्यात ठिवलेले. परभणीच्या डॉक्टरीणबाईनं बजावून सांगितलं होतं, बाळ पायाळू हाय, कळा लागल्या की घरी दम धरू नका, सरळ हिकडं घेऊन या. त्या पैशाला हात कसा लावावा तुमीच सांगा.

मंग गयाबाईला डोळे दाखवायला परभणीला न्यायलो होतो. गयाबाई म्हंजे शेजारची म्हातारी. गंगाखेड सोडलं, गोदावरीच्या पुलावर गेलो, आमी तिला गंगाच म्हणतो, आन् मधोमध गाडीनं झटके दिले आन् बंद. चावी फिरवली तर आवाजच न्हाई. मागून उसाचे ट्रक, पूल हादरायलाय. आरशात पाह्यलं तर गयाबाई दिसंचना, मला तिथं सीमा दिसली, पदर तोंडात धरून. मी रडायलाच लागलो. म्हातारी म्हणायली, आरं दिगू, कामून रडायलास, डोळेच दाखवायचेत, मला कुठं घाई हाय. तिला काय सांगू? उतरून टाकीला खालून दगडानं ठोकलं, तसा पंप कण्हत उठला. म्हातारीला दुसऱ्या जीपमधी बसवलं आन् कशीबशी गाडी सलीमभाईच्या दारात लावली.

घरी येऊन हिला सांगितलं. सीमा आतून ऐकायली होती. ती बाहेर आली आन् म्हणली, बाबा, मला एसटीनं न्या. बस, एवढंच. एवढी वर्सं मी लोकांच्या लेकीबाळी न्हेल्या, आन् माझीच पोर माझ्या गाडीला भ्यायली.

हिनं उठून डबा माझ्यापुढं ठिवला. मी म्हणलं अगं, दवाखान्याचं काय? तर म्हणली, डॉक्टरीणबाईच्या पाया पडता येतंय, पुलाच्या येतंय का? आधी पंप घाला.

घातला. जुना पंप सलीमभाईनं हातावर ठिवला, काळा ठिक्कर पडलेला. म्हणला, काटा पावाच्या खाली येऊ द्यायचा न्हाई. आता मी पदरचं पेट्रोल टाकतो, बाकीचे डायवर हसतेत, म्हणतेत दिगू सावकार झाला. हसू द्या. डबा रिकामा हाय, हिनं भावाकडं शब्द टाकलाय, काय होतंय बघू.

पण भ्या गेलं न्हाई. रोज सकाळी उठलो की आधी चावी फिरवतो, आवाज ऐकतो, बंद करतो. तोंड धुवायच्या आधी. सीमा दारात उभी राहून बघती. आज तुमी यायच्या जरा आधी तसंच केलं. आवाज आला. ती आत गेली, दवाखान्यात न्यायची गोधडी घेऊन आली, मागच्या सीटवर नीट घडी करून ठिवली आन् गाडीचं दार लावलं.

ती गोधडी बगा, तिथंच हाय. तुमी हितून पुढं परभणीलाच जायलात ना? मधी गंगा लागंल. पुलावर माझ्या पोरीसाठी हात जोडा.