पहिल्या हाकेला

रंगनाथ : ...ऱ्हाऊ दे ती भाजी निवडायची. ये पूजा, अशी जवळ बस खाटंवर. आज तुला एक आख्यान सांगतो, कुठल्या कीर्तनात कुनी लावलं न्हाई असं. पन आधी हा फोन बघ. पुन्हा लाल झाला.

पूजा : लाल झाला म्हणजे भुतानं पकडलं, मामा. पुन्हा पहिल्याच हाकेला बटण दाबलंत ना?

रंगनाथ : दाबलं.

पूजा : किती वेळा सांगितलं, तीन हाका होऊ द्यायच्या. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक माणसाची. तिसरी झाली की मग ओ द्यायची.

रंगनाथ : आता भिंगारच्या पोरीनं मला भुतं शिकवावीत. अगं, तुझ्या नवऱ्याला हे मीच सांगितलं, पार्था एवढासा हुता तवा. त्यानं ते खेळात घातलं.

पूजा : खेळ तरी कुठे सगळा त्याचा? मूळ खेळ बाहेरदेशीचा, बंद घरात भूत मागे लागतं, तो. त्याच्यावरून हौशी पोरं आपापली घरं करून मोबाईलवर टाकतात. कुणी शाळा करतं, कुणी दवाखाना.

रंगनाथ : आन् ह्यानं कारखान्याच्या चाळीतली आमची खोली केली. फडताळ हुतं तिथंच हाय. दत्ताचं कॅलेंडर वाकडं हुतं, ते वाकडंच. मी आत शिरलो, तर मला चपला काढाव्या वाटल्या.

पूजा : लोक तिथे किंचाळतात, मामा.

रंगनाथ : कशापायी? घर हाय ते.

पूजा : द्या इकडे. आता मी धरते फोन. तुम्ही हात मांडीवर ठेवा आणि नुसतं ऐका. केला सुरू.

फोन : अवं... येताय न्हवं?

(रंगनाथचं बोट पूजाच्या हातावरून पुढे येतं आणि बटण दाबतं.)

रंगनाथ : ओ. आलो.

पूजा : मामा! झाला ना लाल.

रंगनाथ : हुंदे. ऐकलंस का तू? ‘न्हवं’ म्हनताना थोडी वर जायची. पार्था बारा वर्साचा हुता, माझ्या साध्या फोनात चोरून भरून ठिवला हुता त्यानं तिचा आवाज. फोटू म्हनशील तर तिचं दोन, तेबी लग्नातलं, तोंड मिटलेलं. तुझ्या सासूचा आवाज आता ह्या खेळात तेवढा उरलाय.

पूजा : पार्थ ह्यातलं काही बोलत नाही हो. उद्या सप्ताह बसतोय, मी आले, तो नाही आला. का म्हणून विचारलं, तर लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला. बरं, एक युक्ती सांगू? तुम्ही पूर्वी सप्त्यात वीणेच्या पहाऱ्याला उभे राहायचात ना, दोन-दोन तास? तसंच समजा. गळ्यात वीणा आहे, हात मोकळे नाहीत. तीन हाका सहज निघून जातील.

(रंगनाथ तिच्या हातातला फोन घेऊन खाटेवर पालथा ठेवतो.)

पूजा : मामा? चुकलं का माझं काही?

रंगनाथ : न्हाई. तुला ठावं न्हाई, तू काय चुकनार? तेच आख्यान सांगायचं हुतं. वीणा खाली ठिवायची नसती, पूजा. दुसऱ्यानं गळ्यात घेतल्याबिगर सोडायची नसती. सप्त्याचा चौथा दिवस. दुपारी दोन ते चार माझा पहारा. चारला काकासाहेब यायचा, तो आला न्हाई, ऊस भरलेली गाडी त्याची रस्त्यात बसली. मंडपात चिटपाखरू न्हाई. पार्था पळत आला, आई बोलावतीया. म्हनलं, आलो, काकासाहेब येऊ दे. पुन्हा आला, छातीत कळ आलीया म्हनला. म्हनलं, शेजारच्या भागूबाईला बोलव, मी आलोच. तिसऱ्यांदा आला, तवा पळत न्हवता. चालत आला. तिच्या तीन हाका झाल्या हुत्या.

पूजा : वीणा ठेवली असती तर देव थोडाच रागावला असता, मामा.

रंगनाथ : पांडुरंग कशाला रागवंल? तो म्हनला असता, बाबा, मी उभा हाय हितं, तू घरला जा. मलाच वाटलं, लोक काय म्हनतील, रंगनाथनं वीणा टेकवली. आन् लोक तर कुनी न्हवतंच तिथं. त्या दिसापासनं वीणा घेतली न्हाई. मागं बसून टाळ वाजवतो.

पूजा : म्हणून पहिल्याच हाकेला...

रंगनाथ : येकदा तिला तीन हाका मारायला लावल्या. आता फोनात का असंना, दुसरी मारू देनार न्हाई.

पूजा : मग शेवट तुम्हाला कधीच दिसायचा नाही. तिसऱ्या हाकेनंतर स्वयंपाकाच्या खोलीचं दार उघडतं. मी गेलेय आत.

रंगनाथ : काय हाय आत? भूत?

पूजा : भूत नाही. दोन ताटं. वाढून झाकून ठेवलेली. मी पार्थला म्हटलं, भुताच्या खेळात ताटं कशाला, आणि तीही दोन? म्हणाला, आई नानांच्या आधी जेवायची नाही. तुमच्या आधी.

रंगनाथ : असं म्हनला?

पूजा : एवढंच म्हणाला.

रंगनाथ : त्या दिशीबी जेवली नसंल.

पूजा : मामा, पाणी देऊ?

रंगनाथ : नको. बस.

पूजा : अजून एक सांगते मग. कोण कुठे पकडलं गेलं ते त्याला लॅपटॉपवर दिसतं. परवा हसत होता, कोपरगावचा कुणी येडा सत्तेचाळीस वेळा खेळलाय, आणि दर वेळी पहिल्याच हाकेला ओ देऊन मेलाय. मग हसता हसता थांबला. आपल्याच गावाच्या नावाकडे किती तरी वेळ बघत बसला. मी तोंड उघडलं नाही. सांगू का त्याला?

रंगनाथ : सांग. म्हनावं, येडा अजून रोज खेळतो. सप्त्याला आलास तर बरं, न्हाई आलास तर तुझी मर्जी. पन खेळ काढून टाकू नको म्हनावं.

पूजा : आणि दार?

रंगनाथ : दार तू उघडत जा माझ्या वाटचं. मला पयली हाक पुरं. लाव पुन्हा.

फोन : अवं... येताय न्हवं?

रंगनाथ : ओ. आलो, आलो.

पूजा : पकडलं, मामा.

रंगनाथ : पकडू दे. पूजा, तू तिला बघितलं न्हाईस. उद्या हा फोन बिघडंल, मग मीबी बिघडंन. बनुबाई अशी हाक मारायची, शेवटाला थोडी वर जायची, एवढं तू ध्यानात ठेव.