सासूबाईंना न मारलेली लाथ

मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसानं लाथ मारली की कमरेतली उसण जाते, अशी आमच्याकडं समजूत. लग्न होऊन वेल्ह्याला आले आणि अर्ध्या गावाच्या कमरा माझ्या पायाखालून गेल्या.

यंदा भातलावणी उरकली आणि खुद्द सासूबाईच अंगणात पालथ्या पडल्या. "हाण गं, लाजू नको!" शेजारीपाजारी हा सोहळा बघायला गोळा.

मी पाय उचलला आणि सवयीनं विचारलं, "आत्या, दुखतंय कुठं?"

"कमरंपास्नं पार अंगठ्यापत्तोर. करंट बसल्यावानी! मुंग्या बी येत्यात."

मी पाय खाली ठेवला. "ही उसण न्हाई. उसण एका जागी धरती, अशी पळत न्हाई. शीर दबलीया. भोरला डॉक्टरकडं चला."

"गावाला मारतीस, आन मलाच न्हाई व्हय?" तणतणतच टेम्पोत बसल्या.

डॉक्टर म्हणाले, "मणक्यापाशी नस दबलीय. लाथ बसली असती तर महागात पडलं असतं."

आता बऱ्या झाल्यात. बाजारात भेटेल त्याला छाती काढून सांगतात, "समद्यांदेखत सासूला हाणायची संधी आली, आन पोरीनं सोडली! हाय का अशी सून कुणाकडं?"