वारं पकड घेऊन येत न्हाय

...आन् वर मलाच शिकवतात की वारं पकड घेऊन येत न्हाय! आता ह्या उजनीच्या पाण्याकडंला माझा सगळा जलम गेला, वळवाचं वारं मी काय पेपरात वाचलंय? पण न्हाय, विम्याच्या कंपनीचं पत्र आलं, ‘सदर छप्पर वाऱ्याने उडाले नसून मालकाने स्वतः उतरविल्याचे निदर्शनास आले, सबब दावा नामंजूर.’ आता तुमी म्हणाल, सोमनाथराव, उतरवलं व्हतं का तुमी? व्हय, उतरवलं व्हतं, पकडीनं एकेक खिळा उपसून उतरवलं व्हतं. मग बोंबलतोय कशाला? आवो, तेच तर सांगतोय, जरा दम धरा की.

मी लोणी देवकरला कारखान्यात फिटर. पळसदेवला बँकेचं कर्ज काढून घर बांधलं, पक्क्या विटांचं, वर नवं कोरं पत्रं. बँक म्हणली कर्ज पायजे तर घराचा विमा पायजे. मग आला संदेश. इंदापूरचा एजंट, उन्हाळ्यात टाय घालणारा माणूस तुमी बघितलाय का? मी बघितला. “काका, आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल, सगळं यात आलं. अगदी विमान पडलं तरी!” म्हणलं, पळसदेवला विमान? “समजा पडलं.” म्हणलं, बरं, समजा. पॉलिसी दिली ती जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकिटावर चित्र, नवरा-बायको-दोन पोरं, असं हसत्यात असं हसत्यात, जसं काय त्यांच्याच घरावर विमान पडलंय आन् पैसं मिळाल्यात.

त्या दिवसापास्नं आपलं एकच. कुणी म्हणलं पाऊस लई हाय, विमा हाय ना. कुणी म्हणलं शॉर्टसर्किट झालं खालच्या आळीत, विमा हाय ना. बायकोनं, रतननं, दूध उतू घालवलं तरी मी म्हणायचो, विमा हाय ना. तिनं शेवटी ताकीद दिली, पुन्यांदा म्हणलात तर तुमचं ताट विम्याच्या हापिसात वाढीन.

आता आमच्याकडं काय रीत हाय, पत्रं टाकलं की वर दगुड ठेवायचं. ह्या गावात बिनदगडाचं छप्पर तुमाला सापडणार न्हाय. माझ्याबी घरावर व्हतं, माझ्या बापानं निवडून आणलेलं, एकेक दगुड म्हंजी बसक्या म्हशीएवढा. ते मी सगळं खाली काढलं. का? तर विमा हाय ना! आन् नव्या घरावर दगुड म्हंजी कसं गावठी दिसतं! काढलं आन् शेजारच्या दत्तोबा तात्याला देऊन टाकलं. तात्या लई जुना माणूस, त्यानं दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणला, “सोमा, इमा कागुद हाय रं. कागदावर दगुड ठेवत्यात, दगडावर कागुद न्हाय.” म्हणलं, तात्या, जग कुठं चाललंय आन् तुमी कुठं.

कुठं चाललं व्हतं ते वैशाखात कळलं. माझी थोरली, सोनल, बाळंतपणाला आलेली, पोटाला गोरापान पोरगा झालेला, घरात शेक-शेगडी, बाळंतशेपाचा वास, बारसं तोंडावर आलेलं. दुपारच्याला पळसदेवाच्या जुन्या देवळाकडनं, ते पाणी उतरलं की वर येतं बघा, तिकडनं आभाळ काळं झालं आन् वारं जे सुटलं... पहिल्यांदा पत्रा वाजला. मग दुसरा वाजला. मग सगळं छप्पर वहीची पानं उलटावी तसं उलटलं आन् गेलं. वर बघतो तर आभाळ! रतननं पोराला पोटाशी धरून बाजंखाली घातलं, सोनल रडायला लागली, आन् मी, घरचा कर्ता माणूस, मधोमध उभा राहून काय म्हणलो असंन? बरोबर. रतननं माझ्याकडं असं बघितलं की वारं बरं वाटलं.

आन् मग झाली खरी आफत. गाव आलं! वारं जरा थांबलं न थांबलं तोच अख्खी आळी धावली. बाळंतीण बिनछपराच्या घरात म्हंजी गावाला डाग की हो! कुशाबाईच्या परसात पडलेला पत्रा तिनं सोता डोक्यावरनं आणला. भोयांच्या पोरांनी होडीतनं जाऊन उथळ पाण्यात पडलेलं पत्रं ओढून आणलं, दोन बुडालं त्याच्या जागी तात्यानं आपल्या शेरडांच्या खोपटाचं काढून दिलं. वाकलेलं पत्रं तात्यानं वट्ट्यावर घालून हातोड्यानं बडवून सरळ केलं, मी म्हणतोय तात्या राहू द्या, विमा हाय ना, त्यो म्हणतोय गप, आदी लेकरू झाकू. दिवस मावळायच्या आत छप्पर जाग्यावर. माझं डोळं भरून आलं, खरं सांगतो. अशी माणसं कुठं मिळायची!

कुठंच न्हाय मिळायची, कारण मग पाहणीला कंपनीचा सायेब आला. बारामतीहून, जीपमधनं, डोळ्याला गॉगल. वर बघितलं. “छप्पर आहे की.” म्हणलं सायेब, उडालं व्हतं. “पण आहे.” म्हणलं, लोकांनी बसवलं. “मग नुकसान कुठंय?” म्हणलं, दोन बुडाल्यात उजनीत. “दाखवा.” आता काय दावू? म्हणलं, पाणी आणखी उतरू द्या सायेब, देऊळ दिसतंय तसं पत्रंबी दिसंल. तेवढ्यात तात्या आला. कुणी बोलावला व्हता? कुणीच न्हाय. छाती पुढं काढून सायबाला म्हणतो, “नुकसान? आमी असताना नुकसान व्हईल व्हय सायेब? एक पत्रा वाया जाऊ दिला न्हाय!” सायबानं ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. मी तात्याला डोळा मारतोय, तात्याला वाटलं माझ्या डोळ्यात कचरा गेलाय, त्यो फुंकर मारायला पुढं आला.

मग इंदापूरला संदेशकडं गेलो. तो टाय सैल करून म्हणतो, “काका, घाई केली तुम्ही. छप्पर जसं पडलंय तसं ठेवायचं असतं.” म्हणलं, आन् बाळंतीण? तिला जसं पडलंय तसं ठेवायचं? तो म्हणला, पॉलिसीत बाळंतिणीचं काही नाही. मग त्यानंच अक्कल दिली, पत्रे परत खाली घ्या, वाकलेले दिसू द्या, साहेब पुन्हा येतील. आन् मी शिकलेला माणूस, घेतलं की खाली! तात्यानंच हात लावला, बिचारा इचारतोय, “सोमा, जे वर चढवलं ते खाली का घेतोय?” म्हणलं, तात्या, तुमाला न्हाय कळायचं.

सायेब आला का? उद्या येतो म्हणला. उद्या न्हाय आला. आन् बारसं आलं. अंथुर्ण्याचे व्याही, इहीन, सगळा गोतावळा आमच्या घरात, वर आभाळ, पाळण्याला दोर बांधायला तेवढा एक वासा. बायका पाळणा म्हणत्यात आन् इहीनबाई पाळण्याकडं न बघता वरच बघत्यात. पोराचं नाव ठेवलं सुयश. तेवढ्यात वळीव आला, मोठमोठं थेंब, सुयशच्या कपाळावर पहिला. इहीनबाईंनी पोराला पदराखाली घेतलं, मोठ्यानं न्हाय, हळूच म्हणल्या, “आमच्या घराला छप्पर हाय. पोरीला आन् लेकराला आमी घेऊन जातो.”

आन् गेल्या घेऊन. बाळंतीण माहेरातनं महिना भरायच्या आत सासरी गेली, माझ्या तोंडासमोरनं. मला लागलं ते. रतननं मग जेवायला वाढलं, ताट ठेवताना म्हणली, “विमा हाय ना?” मी जेवलो न्हाय.

मग आला सायेब, वारं नसताना, ऊन चांगलं पडलं व्हतं तवा. खिळे बघितले. माझ्याकडं बघितलं. “खिळे पकडीनं काढलेत. वारं पकड घेऊन येतं का?” म्हणलं सायेब, ते दुसऱ्यांदा काढलं, पहिल्यांदा वाऱ्यानं... “साक्षीदार?” आन् कुठनं आला म्हणून सांगू... “व्हय सायेब,” तात्या म्हणला, “मीच काढू लागलो की. मी हिकडनं, सोमा तिकडनं. खोटं कशाला बोला?” सायबानं तात्याशी हात मिळवला. असा खरा माणूस बघितला नव्हता म्हणला.

आता मला सांगा, चिडायचं कुणावर? छप्पर वर व्हतं तर नुकसान न्हाय, खाली आलं तर मीच काढलं. म्हंजी नुकसान भरून पायजे तर छप्पर उडाल्यावर आपण आभाळ बघत बसायचं, शेजाऱ्याला कुत्रं सोडून हाकलायचं, लेकरू भिजू द्यायचं, मग सायबाला वाटंल हां, हे खरं दुःख! आन् बँक? तिचा विम्याचा हप्ता माझ्या पगारातनं आपोआप कापला जातो, त्याला पाहणी लागत न्हाय.

शेवटी लाज सोडून तात्याच्या दारात गेलो. म्हणलं, तात्या, माझं दगुड परत द्या. तात्या वट्ट्यावर तंबाखू मळत व्हता. डोळं बारीक केलं, म्हणला, “देतो की. अर्ज टाक. आदी मी जीपनं येऊन पाहणी करंन.” हसला, खोकला, आन् उठून माझ्याआधी शिडीवर चढला.

पत्रं बसलं. बापाचं दगुड जाग्यावर गेलं. पण दोन-दोनदा खिळं उपसल्यानं भोकं मोठी झालेली, बाकीची डांबरानं बुजली, एक मातूर फाटून तळहाताएवढं झालेलं, ते ऐकंना, नेमकं पाळण्याच्या वर. सोनल लेकराला घेऊन यायची व्हती, इहीनबाई सोडायला येणार, वर बघणार! मग घरात शोधलं, जाड, पाण्याला न भिणारं असं काय हाय... सापडलं. घडी घालून भोकात कोंबलं, वरनं तात्यानं दगुड ठेवला.

आता दुपारी सुयशच्या पाळण्याशेजारी आडवा झालो की वरनं ते चौघं माझ्याकडं बघून हसत्यात, दगडाखाली दबून, तरी हसत्यात. परवा सरी पडल्या, इहीनबाईंनी मान वर केली, हात पसरून बघितला, कोरडा! म्हणल्या, “चांगलं बुजवलंत, हितं काय घातलंत?”

म्हणलं, विमा हाय ना.