मी वाढणार न्हाई

या खेपेला मी ठरवूनच टाकलं होतं. मुखेडहून सासू, सासरे आणि नणंद येणार म्हणून दुपारीच धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी करून टेबलावर मांडली. संध्याकाळी म्हणलं, "आपापल्या हातानं घ्या. मी वाढणार न्हाई, मीबी तुमच्यासंगच बसणार हाय." आणि बसले.

कुणी हात लावंना. सासरे रिकाम्या ताटाकडं बघून राहिले. मी हलले न्हाई.

शेवटी सासूबाई उठल्या आणि धपाटा माझ्याच ताटात वाढला. "आपल्या हातानं घ्यायचं मला सुधरत न्हाई, बाई. दुसऱ्याला वाढता येतंय."

मग सगळे जेवायला लागले. माझे तीन धपाटे खाऊन झाले तशी नणंद धपाटा आणि दही घेऊन आली. "वहिनी, अजून एक घ्या."

लग्नाला बारा वर्षं झाली, सासरच्या कुणी मला "अजून घ्या" म्हणायची ही पहिलीच वेळ. पोट कवाच भरलं होतं, पण मी काही "नको" म्हणले न्हाई.