पुंजाजींच्या नळाचं बिल

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात शाळेतल्या सिंधूताई नगरपालिकेत पाणीपट्टी भरायला रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढचे म्हातारे पुंजाजी खिडकीतल्या कारकुनाशी बोलत होते.

"बाबा, तुमचा अर्ज खरा निघाला. मीटरच बिघडेल होतं. नळ बंद असला तरी काटा फिरे. बिल कमी केलं."

"बंद असला तरी?"

"हाव. आता खुशीनं घरी जा."

"मंग जनका पानी नेत नव्हती?"

"कोन जनका?"

"भावाची बायको. भाऊ वारल्यापासून आमच्या मागच्या खोलीत राहे. बिल वाढलं तं मले वाटलं, हेच चोरून पानी भरते. चारचौघांत बोललो तिले. नळाले कुलूप लावलं."

"मंग?"

"पोरीले घेऊन अमडापूरले, तिच्या भावाकडे गेली. कुलूप लावल्यावरबी बिल तेवढंच आलं, तवा अर्ज केला."

"मंग आना तिले वापस."

"कोन्या तोंडानं आनू? तुम्ही कागद द्या मले, मीटर खराब होतं म्हनून."

कारकुनाने शिक्का मारून कागद दिला. पुंजाजींनी मागे वळून तो सिंधूताईंपुढे धरला.

"बाई, मले वाचता येत नाही. मोठ्यानं वाचा बरं."

"'मीटर नादुरुस्त आढळल्यामुळे देयक कमी करण्यात आले आहे.'"

"अन् जनकाचं?"

"तिचं यात काही नाही, बाबा."

"पुन्हा पाहा ना, बाई. खाली असन कुठं."

सिंधूताईंनी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.